अर्जापासून रिव्हॉल्व्हरपर्यंत पंधरा महिने

आमची गिरगावात सराफी पेढी आहे. आजोबांनी सुरू केलेली, लहानशी. बाबा आणि मी दोघं मिळून चालवतो. जून २०२१मध्ये हॉलमार्किंग सक्तीचं झालं आणि आमच्या फेऱ्या वाढल्या. कारागिराकडून माल आणायचा, हॉलमार्किंग सेंटरला द्यायचा, परत आणायचा. झवेरी बाजार ते गिरगाव हे अंतर पायी वीस-पंचवीस मिनिटांचं. बाबा आयुष्यभर ते चालतच आले, खांद्याला साधी कापडी पिशवी.

३० सप्टेंबर २०२२. नवरात्र चालू होतं, दसऱ्याच्या ऑर्डरी होत्या. ठाकुरद्वारच्या अलीकडे मागून मोटरसायकल आली, मागच्याने पिशवीला हिसडा मारला. पिशवी बाबांनी सोडली नाही, त्यामुळे ते फरफटले. वय ७१. उजवं मनगट मोडलं, भुवईला चार टाके पडले. पिशवी वाचली, मोटरसायकलवाले पळाले. त्या रात्री हॉस्पिटलमध्ये बाबांच्या उशाशी बसून मी पहिल्यांदा ‘शस्त्र परवाना’ हा शब्द मोबाइलवर टाइप केला.

तेव्हा मला जी माहिती एका जागी सापडली नाही ती इथे क्रमाने लिहिते आहे. तारखा माझ्या वहीतल्या आहेत.

आधी शिकले, मग अर्ज केला

हा क्रम मला एका ओळखीच्या निवृत्त फौजदारांनी सांगितला आणि त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. ते म्हणाले, “ताई, परवाना मिळाल्यावर शिकेन असं म्हणू नका. आधी शिका. नाही जमलं, नाही पटलं, तर अर्जाचा त्रास तरी वाचेल.” शिवाय शस्त्र नियम २०१६ प्रमाणे शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतंच. त्याचा नमुना एस-१.

जानेवारी २०२३मध्ये मी उपनगरातल्या एका नेमबाजी क्लबात नाव घातलं. रविवारी सकाळी सातची बॅच. आठ आठवड्यांचे साडेसहा हजार रुपये. पहिले दोन रविवार पिस्तूल हातात दिलंच नाही. नळीचं तोंड कधीही माणसाकडे जाऊ द्यायचं नाही. बोट चापावर न ठेवता चौकटीला टेकवून सरळ ठेवायचं. शस्त्र रिकामं आहे असं कुणीही सांगितलं तरी स्वतः उघडून बघायचं. एवढंच पुन्हापुन्हा. एका कॉलेजच्या मुलाने हसत पिस्तूल बाजूच्याकडे वळवलं, तर सरांनी त्याला त्या दिवसापुरतं घरी पाठवलं. मला ते फार आवडलं.

मग दहा मीटरवर एअर पिस्तूल. ४.५ मिलिमीटरचे छर्रे आणि समोर कागदी टार्गेट. दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे मंगळसूत्राच्या एका वाटीएवढं. पहिल्या दिवशी माझे छर्रे सगळे डाव्या बाजूला, त्यातले तीन तर कागदाबाहेर. सरांनी एक साधी चाचणी घेतली. दोन्ही तळहात पुढे धरून मधे छोटी फट ठेवायची, त्यातून लांबचा दिवा बघायचा आणि एकेक डोळा मिटायचा. उजवा मिटला तरी दिवा दिसत राहिला, डावा मिटला की नाहीसा व्हायचा. म्हणजे मी उजव्या हाताची, पण डोळा माझा डावा प्रबळ. त्याप्रमाणे डोकं किंचित फिरवून उभं राहायला शिकले आणि दोन आठवड्यांत छर्रे एका बशीएवढ्या जागेत यायला लागले. कुठलंही शस्त्र निवडण्याआधी ही चाचणी नक्की करून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

ज्यांना फक्त नेमबाजी शिकायची आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. .१७७ बोअरपर्यंतच्या (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास, इथे इंचांत) आणि २० जूलच्या आतल्या ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. दहा मीटरची स्पर्धा त्याच्यावरच होते. नेमबाजीचा आनंद एवढाच हवा असेल तर पुढचं सगळं वाचायचीही गरज नाही, क्लब शोधा आणि सुरुवात करा. आमच्या क्लबात एक आजी आहेत, ६८ वर्षांच्या, त्या फक्त एअर पिस्तूल चालवतात आणि माझ्यापेक्षा चांगलं चालवतात.

याच क्लासात सरांनी मला एक प्रश्न विचारला, तो मी विसरू शकत नाही. मी त्यांना बाबांची हकीकत सांगितली होती. ते म्हणाले, “त्या संध्याकाळी बाबांच्या कमरेला रिव्हॉल्व्हर असतं, तर काय झालं असतं?” मी विचार करून बघितला. हिसडा बसला ते दोन सेकंदांचं काम. दोन्ही हात पिशवीत गुंतलेले. आणि ठाकुरद्वारला संध्याकाळी सहा वाजता गोळी झाडायची तर मागे फुलवाली, बसस्टॉप, शाळेतून येणारी पोरं. मी गप्प बसले. मग सरांनी कायदा समजावला. तेव्हा भारतीय दंड संहितेची कलमं होती, ९६ ते १०६. आता भारतीय न्याय संहितेत तोच विषय ३४ ते ४४ मध्ये आहे. स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण जरुरीपेक्षा जास्त इजा करण्याचा नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर तो हक्क उरत नाही. पळणाऱ्याच्या पाठीवर गोळी झाडणं म्हणजे स्वसंरक्षण नव्हे.

तरीही मी अर्ज केला. कारण रस्त्यावरच्या हिसड्यापेक्षा मला भीती होती ती पेढीची. शटर अर्धं ओढून हिशेब करत बसलेली आम्ही दोन माणसं आणि एकच दार. तिथे मला निदान एक पर्याय हवा होता.

कागद

अर्ज ऑनलाइन भरायचा. एनडीएएल-एएलआयएस नावाच्या सरकारी संकेतस्थळावर नमुना ए-१. मग त्याची प्रत आणि कागद कार्यालयात. मुंबईत परवाना देणारे अधिकारी म्हणजे पोलीस आयुक्त, म्हणून सगळं शेवटी क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या आयुक्तालयातच येतं.

मी लावलेले कागद : पांढऱ्या पार्श्वभूमीचे चार फोटो, आधार, पॅन, जन्मतारखेचा दाखला, घराचं लाइट बिल, तीन वर्षांचं आयकर विवरण, पेढीचं जीएसटी प्रमाणपत्र आणि दुकानाची नोंदणी, एफआयआरची प्रत, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र, आणि शारीरिक व मानसिक तंदुरुस्तीचा वैद्यकीय दाखला, नमुना एस-३. दाखल्यासाठी डॉक्टरांनी आठशे रुपये घेतले आणि अर्धा तास बोलले. झोप कशी लागते, घरात भांडणं होतात का, राग आला की काय करता. मला ते प्रश्न आगाऊ वाटले नाहीत. विचारायलाच हवेत.

पहिल्यांदा अर्ज परत आला. आधारवर नाव लग्नानंतरचं, पॅनवर माहेरचं. गॅझेटमधल्या नावबदलाची प्रत जोडून १७ एप्रिल २०२३ला पुन्हा दाखल केला. बायकांनो, अर्ज भरायच्या आधी सगळ्या कागदांवरचं नाव एकच आहे का ते बघा. माझे सहा आठवडे यात गेले. आणि प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा, तारखेचा शिक्का मारलेली पोच तर घेतल्याशिवाय खिडकीवरून हलूच नका.

पोलीस ठाणं

नियमाप्रमाणे पोलीस ठाण्याने तीस दिवसांत अहवाल द्यायचा असतो. माझ्या बाबतीत अहवाल जायला पाच महिने लागले. जूनमध्ये जबाबाला बोलावलं. कोणाशी वैर आहे का, जागेचा वाद आहे का, घरात कोण दारू पितं का, भाऊ काय करतो, शस्त्र कुठे ठेवणार. मग ज्या हवालदारांकडे फाइल होती त्यांची बदली झाली आणि जुलैभर फाइल कुणाच्या टेबलावर आहे तेच कळेना. मी दर मंगळवारी अकरा वाजता जायचे. आवाज चढवला नाही, पण जाणं सोडलंही नाही. कुणी पैसे मागितले नाहीत, हेही सांगायला हवं, कारण मला दहा जणांनी त्याबद्दल घाबरवून ठेवलं होतं.

ऑगस्टमध्ये घरी पाहणी झाली. आम्ही चाळीत राहतो, दुसऱ्या मजल्यावर. खोल्यांमधल्या भिंती लाकडी तक्त्यांच्या. आलेल्या साहेबांनी तक्त्यावर टिचकी मारली आणि विचारलं, “मॅडम, लॉकर बसवणार कशात?” याचा मी विचारच केला नव्हता. घरात माझा नऊ वर्षांचा भाचा असतो, तो मामाच्या स्क्रू ड्रायव्हरने घड्याळ उघडून ठेवतो. शेवटी मोरीच्या मागची एकच विटांची भिंत सापडली. तिथे पोलादी लॉकर चार बोल्टांनी पक्का केला. १४ हजार लॉकरचे, १,२०० मिस्त्रीचे. काडतुसांसाठी वेगळा छोटा डबा, वेगळी किल्ली, तीही वेगळ्या खोलीत. जुन्या चाळीत राहत असाल तर अर्जाच्याही आधी भिंत बघा.

शेजारच्या दोघांचे जबाब झाले. कॉमन गॅलरीत दोन दिवस कुजबुज होती. मग समोरच्या काकूंनी सरळच विचारलं, “अगं, तू बंदूक घेणार म्हणे?” मी त्यांना घरात बोलावून लॉकर दाखवला. त्या बघून गेल्या आणि कुजबुज थांबली.

ऑक्टोबरमध्ये वरिष्ठ अधिकाऱ्यांसमोर मुलाखत झाली. सात-आठ मिनिटं. त्यांनी एफआयआर वाचला आणि विचारलं, “मालाची ने-आण दुसऱ्या कुठल्या मार्गाने करता येत नाही का?” मी खरं ते सांगितलं, की आम्ही आता विमा उतरवलेली कुरियर सेवा घेतली आहे, बाबा पायी जात नाहीत, पण पेढीवर आम्ही दोघंच असतो. मला वाटतं हे आधीच केलेलं असल्याचा उपयोग झाला.

१२ फेब्रुवारी २०२४ला परवाना मिळाला. त्यावर माझा युनिक आयडी नंबर, शस्त्राचा प्रकार, काडतुसांची मर्यादा. मुदत पाच वर्षं. डिसेंबर २०१९च्या दुरुस्तीआधी ती तीन वर्षं असायची. त्याच दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं, अशीही मर्यादा आली.

निवड

मला वाटलं होतं की निवड हा सगळ्यांत मोठा भाग असेल. प्रत्यक्षात सामान्य नागरिकासमोर मोजकेच पर्याय असतात. ९ मिलिमीटर पिस्तूल, .३८ रिव्हॉल्व्हर हे प्रतिबंधित बोअर, ते आपल्याला नाही. उरतं मुख्यतः .३२, आणि त्याखाली .२२. परदेशी शस्त्रांची आयात सामान्य माणसासाठी १९८६पासून बंद आहे, त्यामुळे बाजारात दिसणारं परदेशी शस्त्र हे जुनं, हात बदललेलं, आणि किंमत ऐकून मी खुर्चीतून उठलेच.

फोर्टातल्या एका जुन्या दुकानात मी तीनदा गेले. तिथले काका सत्तरीचे, घाई अजिबात नाही. त्यांनी आधी माझा पंजा बघितला. मूठ नीट धरल्यावर चापावर बोटाचं पहिलं पेर, नखामागचा मऊ भाग, सहज पोचला पाहिजे. पोचण्यासाठी पंजा फिरवावा लागला तर ते शस्त्र आपलं नाही, मग ते कितीही नावाजलेलं असो.

पिस्तूल की रिव्हॉल्व्हर? टेबलावर आधी ‘अशनी’ ठेवलं, आपल्या आयुध कारखान्याचं .३२ पिस्तूल. चपटं, पर्समध्ये मावणारं. पण पिस्तुलाची वरची स्लाइड मागे ओढायला दोन्ही हातांत जोर लागतो. ती मी ओढली, पण दहाव्या वेळी अंगठा घसरला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मॅगझिन, म्हणजे काडतुसं भरायची पेटी, काढलं तरी नळीत एक काडतूस राहू शकतं, आणि अशा विसरलेल्या काडतुसामुळे घरात अपघात होतात. रिव्हॉल्व्हरचं चक्र उघडलं की काडतुसांची सगळी घरं डोळ्यांसमोर. काडतूस पेटलं नाही तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं घर समोर येतं. गोळ्या कमी, आकार जाड, पण माझ्यासारख्या नवख्या माणसाला काय भरलंय ते दिसणं मला मोलाचं वाटलं.

दोन्हींना आपण ‘बत्तीस’ म्हणतो, पण काडतुसं वेगळी. रिव्हॉल्व्हरचं लांब आणि कडेला काठ असलेलं, पिस्तुलाचं आखूड. एकमेकांत चालत नाहीत. घेताना दुकानदारालाही पूर्ण नाव सांगा.

मग रिव्हॉल्व्हरांत. ‘निर्भीक’ बघितलं. २०१४मध्ये कानपूरहून आलेलं, स्त्रियांसाठी म्हणून गाजलेलं, सुमारे पाचशे ग्रॅम वजनाचं. माझ्या मनात तेच ठरलेलं होतं. काकांनी शांतपणे सांगितलं, “ताई, बाळगायला हलकं चांगलं, झाडायला जड चांगलं.” धक्का तेवढाच असतो, तो वजन शोषतं. नळी जितकी लांब तितकं नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या खुणेतलं अंतर जास्त, मग नेमातली चूक दिसते. मी ते दिवसभर अंगावर बाळगणार नव्हते, दिवसा पेढीवर ठेवणार होते आणि रेंजवर चालवणार होते. म्हणून शेवटी ‘प्रबळ’. तेही कानपूरचंच, ऑगस्ट २०२३मध्ये बाजारात आलेलं, काडतुसांशिवाय सातशे ग्रॅम, ७६ मिलिमीटरची नळी, आणि चक्र बाजूला उघडणारं. जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये नळीच वरून मोडून उघडावी लागते. बाजूला उघडणारं चक्र मला एका हाताने सांभाळता आलं. काकांच्या परवानगीने रिकाम्यावर वीसेक वेळा चाप ओढून बघितला. बोटाला कळ लागेपर्यंत ओढा, संकोच करू नका. एकदा ओढून काहीच समजत नाही.

एकाच शस्त्रात सराव आणि संरक्षण दोन्ही साधेल, ही माझी समजूत मात्र चुकीची होती. स्त्रियांची २५ मीटरची स्पर्धा .२२वर होते. २०१८च्या आशियाई स्पर्धेत आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने सुवर्ण मिळवलं ते याच प्रकारात. .३२चं एक काडतूस मला शंभराच्या पुढे पडलं. त्याच्यावर रोजचा सराव परवडत नाही. त्यामुळे नेम, श्वास, चाप हे सगळं मी आजही क्लबच्या एअर पिस्तुलावर करते आणि महिन्यातून एकदा रिव्हॉल्व्हरवर बारा गोळ्या.

ठरवलं आणि १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. काका म्हणाले, “आता घेऊन निवडणुकीसाठी लगेच पोलीस ठाण्यात जमा करायला लागेल कदाचित. थांबा.” थांबले. मुंबईचं मतदान २० मेला, निकाल ४ जूनला. २२ जुलै २०२४ला पैसे भरले. तेव्हा २८ टक्के जीएसटी होता, सगळं धरून दीड लाखाच्या आत-बाहेर गेलं. दुकानाने परवान्यावर शस्त्राचा क्रमांक चढवला, मग ते आयुक्तालयात दाखवून नोंद करून घेतली. टॅक्सीत ते बंद पेटीत मांडीवर होतं. मला आनंद वगैरे झाला नाही. घाम आला होता. भाच्याचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. घरी आल्यावर त्याला जवळ बसवून दाराआड काय आहे ते सांगितलं, लपवलं नाही. किल्ली मात्र माझ्या गळ्यातल्या साखळीत असते.

जमा आणि परत

खंडेनवमीला आमच्याकडे तराजू आणि वजनांची पूजा असते. २०२४च्या पूजेत बाबांनी स्वतःहून पाटावर जागा केली. मी चक्र उघडून, रिकामं दाखवून, ते तिथे ठेवलं. पूजा झाल्या झाल्या परत लॉकरमध्ये.

चारच दिवसांनी, १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि शस्त्र जमा करण्याची नोटीस आली. ठाण्यात गेले, क्रमांक तपासून पावती घेतली. जमा करताना शस्त्राचे चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा आणि जाताना नळीला तेलाचा हात द्या, मुंबईच्या हवेत महिन्याभरात लोखंड बोलायला लागतं. मी तेल दिलं नव्हतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत मिळालं तेव्हा नळीच्या तोंडाशी तांबूस ठिपके होते, दोन संध्याकाळी ब्रशने घासले तेव्हा गेले.

ते सात आठवडे पेढीवर काही नव्हतं. त्या काळात आम्ही दाराला बाहेरून न उघडणारी जाळी बसवली, गल्ल्यापाशी पायाने दाबायचा अलार्म बसवला आणि साडेसातऐवजी साडेसहाला शटर ओढायला लागलो. रिव्हॉल्व्हर परत आलं तरी या तिन्ही गोष्टी तशाच ठेवल्या. बाबांचं मनगट थंडीत अजून दुखतं. दर महिन्याच्या त्या रविवारी ते रेंजवर माझ्याबरोबर येतात, मागच्या बाकावर कानावर मफ घालून बसतात आणि बारा वाजले की टार्गेटचा कागद माझ्या हातातून घेऊन भोकं मोजतात.